वऱ्हाडचे आरोग्य आणि पदव्युत्तर शिक्षणाची दिशा

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत अमरावती, बुलडाणा आणि वाशीम ही तीन वऱ्हाडातील होती. यवतमाळला असे महाविद्यालय १९८९ पासून आणि अकोल्याला २००२ पासून आहे. म्हणजे अमरावती महसूल विभागाच्या पाचही जिल्ह्यांत आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे आहे. गंभीर दुखण्यासाठी नागपूरची वाट धरण्यावाचून ज्या प्रदेशाला एकेकाळी गत्यंतर नव्हते, त्या प्रदेशाच्या दृष्टीने ही घटना लहान नव्हे. यथाकाल या नव्या महाविद्यालयांत पदव्युत्तर वर्गही निघतील. ते कोणत्या विषयांचे असावेत आणि त्यांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांनी कोणते काम करावे, याचा विचार मात्र आजच व्हावयास हवा. कारण इमारती, पदे आणि प्रथा एकदा पक्क्या झाल्या की त्या बदलणे दुरापास्त होते.

वैद्यकीय महाविद्यालय निघाले म्हणजे जिल्ह्याचे आरोग्य सुधारले, असे समीकरण मांडता येत नाही. यवतमाळचाच दाखला घ्यावा. २०१७ च्या पावसाळ्यात त्या जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधेने आजारी पडले आणि वीसहून अधिक माणसे दगावली. तेव्हा तेथील शासकीय महाविद्यालय अठ्ठावीस वर्षांचे होते. आलेल्या रुग्णांवर तेथे उपचार झाले आणि अनेकांचे प्राण वाचले. पण दोन-तीन औषधे एकत्र कालवून, तोंडाला साधे फडकेही न बांधता, डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत फवारा मारला जात होता, ही गोष्ट रुग्णालयाच्या खाटेपाशी कळून उपयोग नव्हता. ती शेताच्या बांधावर कळावयास हवी होती. बांधावर जाणारा कृषी सहायक वैद्यक जाणत नाही, आणि वैद्यक जाणणारा बांधावर जात नाही. या दोघांच्या मधल्या जागेत माणसे मेली.

दुखणे एक, खाती अनेक

ही मधली जागा हेच वऱ्हाडच्या आरोग्याचे खरे दुखणे आहे. मेळघाटातील धारणी व चिखलदरा या तालुक्यांतील कुपोषण आणि बालमृत्यू यांची चर्चा १९९३ पासून राज्यभर होत आली. १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली, मुंबई उच्च न्यायालयापुढे याचिका झाल्या, समित्या नेमल्या गेल्या. कोरकू घरातले मूल न्यूमोनियाने किंवा अतिसाराने दगावते तेव्हा कागदावर त्या रोगाचे नाव लिहिले जाते. त्या मूळ रोगाच्या मागे काय असते? आईचे कमी वयात झालेले लग्न, तिच्या अंगात नसलेले रक्त, पावसाळ्यापूर्वी संपलेले धान्य, मजुरीसाठी सपाटीवर झालेले कुटुंबाचे स्थलांतर, खंडलेला रस्ता, वेळेवर न झालेली रोजगार हमीची चुकती, आणि दवाखान्याआधी आठवणारा गावचा भूमका. यांपैकी प्रत्येक गोष्ट शासनाच्या वेगळ्या खात्याकडे आहे. मूल मात्र एकच असते.

सातपुड्याच्या पायथ्याशी उतरून पूर्णेच्या खोऱ्यात यावे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, शेगाव, संग्रामपूर या भागांतील खारपाणपट्टा वऱ्हाडच्या माणसाला निराळा सांगावा लागत नाही. विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते पिता येत नाही आणि पिकाला देता येत नाही. ८४ खेडी योजनेसारख्या प्रादेशिक नळयोजना झाल्या, तरी नळ कोरडा असला की माणूस पुन्हा त्याच पाण्याकडे वळतो. या पट्ट्यातील मूत्रपिंडाच्या विकारांबद्दल गावोगाव बोलले जाते. त्या विकारांचा आणि पाण्यातील क्षारांचा संबंध किती, उन्हात पाण्यावाचून राबण्याचा किती, अंगदुखीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेण्याचा किती, आणि फवारणीच्या औषधांचा किती, हे गाव धरून, वर्षे धरून, मोजून सांगणारा अभ्यास पाहिजे. असा अभ्यास हा वैद्यकाचा विषय आहे, भूजलशास्त्राचा आहे, मृदाशास्त्राचा आहे आणि समाजशास्त्राचाही आहे. म्हणूनच तो कोणाचाच राहत नाही.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची कथा याहून वेगळी नाही. २००६ च्या जुलैत तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत योजना जाहीर केली. त्या सहांपैकी पाच जिल्हे वऱ्हाडचे होते. या प्रश्नावरचे पंचवीस वर्षांतले लिखाण बहुतांशी कर्ज, भाव आणि सिंचन यांवर झाले, आणि ते योग्यच होते. तथापि कर्जबाजारी झालेल्या प्रत्येक शेतकऱ्याने जीव दिला नाही. ज्याने दिला त्याची झोप कधीपासून उडाली होती, तो कोणाशी बोलत होता, घरात त्याचे कोण ऐकत होते, हे विचारणारे माणूस गावात नव्हते. प्रश्न आर्थिक की मानसिक, हा वाद सभेत शोभतो. गावात दोन्ही गोष्टी एकाच ओसरीवर बसलेल्या असतात.

जुन्या समित्यांचे शहाणपण

या विचारात नवे काहीच नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९४६ च्या भोर समितीने वैद्यकीय शिक्षणात सामाजिक दृष्टीचा डॉक्टर घडविण्याची शिफारस केली आणि प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण सुचविले. १९७५ च्या श्रीवास्तव समितीने गावातल्याच माणसांतून आरोग्यसेवक तयार करण्याची दिशा दाखविली. १९७७ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांना ग्रामीण विभाग जोडून देणारी योजना निघाली. १९७८ मध्ये अल्माअटा येथे जगातील राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा मान्य केला. १९८१ मध्ये भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद व भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटाने आरोग्य आणि विकास ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, असे स्पष्टपणे मांडले.

एवढे शहाणपण पदरी असून पदव्युत्तर शिक्षणाची गाडी त्या रुळावर का आली नाही? कारण शिक्षणाला दिशा समित्या देत नाहीत. ती नोकरीची बाजारपेठ आणि समाजातली प्रतिष्ठा देते. वैद्यकीय महाविद्यालयांत या विषयाचा विभाग असतोच. त्याची नावे बदलत गेली: आधी आरोग्यशास्त्र, मग रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र, आता आपल्याकडे जनऔषधवैद्यकशास्त्र. नाव बदलले, पण यादीतले स्थान बदलले नाही. पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी वरच्या क्रमांकाचे विद्यार्थी क्ष-किरण निदान, त्वचारोग, सामान्य वैद्यक इकडे वळतात. जनऔषधवैद्यकशास्त्राकडे पुष्कळदा तो विद्यार्थी येतो, ज्याला हवे ते मिळालेले नसते. मनापासून आलेले सन्मान्य अपवाद आहेत. पण अपवादांवर जिल्ह्याची आरोग्यव्यवस्था चालत नाही.

अलीकडे दोन चांगले नियम झाले आहेत. २०२० च्या अधिसूचनेने प्रत्येक पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा पातळीवरील सेवा आवश्यक ठरविली. पदवीच्या विद्यार्थ्यांनी गावातली कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करावा, असाही कार्यक्रम आला. दोहोंचे स्वागत केले पाहिजे. परंतु पहिल्याचे मुख्य ठिकाण जिल्हा रुग्णालय हे आहे, आणि जिल्हा रुग्णालयापासून मेळघाटातला पाडा कित्येकदा तितकाच दूर असतो जितका नागपूरपासून. आणि हे दोन्ही नियम केवळ डॉक्टर होणाऱ्यांसाठी आहेत. गावातल्या आरोग्याचा बराचसा भार वाहणारी परिचारिका, समाजकार्याचा पदवीधर, आहारशास्त्र शिकलेली मुलगी, आयुर्वेदाचा स्नातक यांना त्यांत जागा नाही.

ज्यांनी करून दाखविले

महाराष्ट्रात या विषयाचे खरे विद्यापीठ चार-दोन खेड्यांत भरले. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि १९७० मध्ये ते नगर जिल्ह्यातील जामखेडला आले. दुष्काळी तालुक्यात लोकांची पहिली मागणी पाण्याची आणि अन्नाची होती, ती त्यांनी मानली आणि तेथून आरोग्याकडे वाट काढली. निरक्षर, बहुधा दलित समाजातल्या बायका तेथे गावच्या आरोग्यसेविका झाल्या. पुढे देशोदेशीचे शिकलेले लोक जामखेडला प्रशिक्षणासाठी येऊ लागले, तेव्हा याच बाया त्यांच्यासमोर शिकविण्यास उभ्या राहिल्या.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीही १९८४ मध्ये त्याच जॉन्स हॉपकिन्समधून पदवी घेतली आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. ग्रामीण स्त्रियांच्या रोगांवरील त्यांचे संशोधन १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घेण्याची त्यांची पद्धत ३९ गावांत वापरल्यावर नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ मध्ये त्याच नियतकालिकातून जगापुढे आले. २०११ पासून ती पद्धत आशा कार्यकर्तींच्या द्वारे देशभरच्या सरकारी कार्यक्रमाचा भाग झाली. गडचिरोलीच्या खेड्यात विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर देशाच्या उपयोगी पडले, ते मोजमापाचे शास्त्र शिकलेले लोक तेथे राहत होते म्हणून.

वऱ्हाडातही अशी माणसे आहेत. मूळ शेगावचे डॉ. रवींद्र कोल्हे नागपूरहून वैद्यकाची पदवी घेऊन १९८० च्या दशकात मेळघाटातील बैरागडला गेले. तेथील अनुभवाने आपले ज्ञान अपुरे आहे हे ध्यानी येताच ते पुन्हा शिकावयास परतले आणि त्यांनी रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्रात एम.डी. केले. या क्रमाकडे लक्ष द्यावे. आधी गाव, मग पदवी, मग पुन्हा गाव. पुढे लोकांनी त्यांना पिकांचे आणि जनावरांचेही रोग विचारले, तेव्हा त्यांनी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून शेतीचे धडे घेतले. उपासमार हे रोगाचे मूळ असेल तर धान्य हे औषध ठरते, हा त्यांचा हिशेब होता. १९८० च्या दशकाअखेर डॉ. स्मिता कोल्हे त्यांच्या कामात सहभागी झाल्या, आणि २०१९ मध्ये या पतिपत्नींना पद्मश्री मिळाली. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत एम.डी. झालेले डॉ. आशिष सातव १९९८ पासून धारणीजवळच्या उतावलीत आदिवासींसाठी रुग्णालय चालवितात; नेत्रतज्ज्ञ डॉ. कविता सातव त्यांच्यासमवेत आहेत. बालमृत्यूंबरोबरच कमावत्या वयातील माणसांच्या मृत्यूंचीही मोजदाद त्यांच्या संस्थेने केली, हे तिचे वेगळेपण.

अमरावती जिल्ह्यातील आणखी एक प्रयोग फारसा चर्चिला गेला नाही. ‘विश्राम’ या नावाने तीस गावांत मानसिक आरोग्याचा कार्यक्रम राबविण्यात आला. गावातलेच सामान्य शिक्षणाचे कार्यकर्ते प्रशिक्षित करून खिन्नतेने ग्रासलेल्या माणसांपर्यंत पोचण्याचा त्यात यत्न होता. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्याच्या रुग्णांपैकी पूर्वी केवळ ४.३ टक्के लोक कोणाकडे मदतीस जात. दीड वर्षात हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाणही घटले. हे काम नागपूर-मुंबईच्या मानसोपचारतज्ज्ञांची फौज आणून झालेले नाही. ते गावच्या माणसांनी केले. त्यांना शिकविणारे, त्यांच्यावर देखरेख ठेवणारे आणि झालेल्या कामाचे माप घेणारे मधल्या फळीचे जाणकार त्यांच्या मागे होते. ही मधली फळीच वऱ्हाडात अपुरी आहे, आणि ती तयार करणे हे पदव्युत्तर शिक्षणाचे काम आहे.

तीन विद्यापीठे, तीन कायदे

या फळीसाठी लागणारी सामग्री वऱ्हाडात नाही असे नाही. ती विखुरलेली आहे. अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये स्थापन झाले आणि पुढे त्याला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. ज्याने हाती खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली, दिवसा घाण आणि रात्री कीर्तनात अज्ञान काढले, त्या महापुरुषाचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाला सामुदायिक आरोग्याचे महत्त्व निराळे पटवावे लागू नये. त्याच्या कक्षेत समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण आहे, गृहविज्ञान आहे, मानसशास्त्र व समाजशास्त्र आहे. अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, पापळच्या डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव त्याला दिले आहे. कपाशी, खारपाण जमीन आणि कीटकनाशके यांचे ज्ञान तेथे आहे. वैद्यकीय महाविद्यालये पाचही जिल्ह्यांत झाली आहेत. परंतु १९९८ च्या कायद्याने राज्यातील सारे आरोग्यशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठाकडे गेले. त्यामागे वैद्यकीय परीक्षांचा दर्जा एकसारखा राखण्याचे कारण होते. परिणाम मात्र असा झाला की अमरावतीतला समाजकार्याचा विद्यार्थी एका विद्यापीठाचा, त्याच गावातला वैद्यकाचा विद्यार्थी दुसऱ्याचा आणि अकोल्यातला कृषीचा विद्यार्थी तिसऱ्याचा झाला. तिघांचे कायदे वेगळे, कुलगुरू वेगळे, वेळापत्रके वेगळी. तिघेही एकाच अकोट तालुक्यात क्षेत्रकार्याला जातील, पण एकमेकांना भेटणार नाहीत.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आणि पुण्याच्या विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. ते उत्तम आहे. परंतु अचलपूरच्या शिक्षकाच्या मुलीने मुंबईचे भाडे भरून ते शिकावे, आणि शिकून झाल्यावर मुंबईतली नोकरी सोडून चिखलदऱ्याला यावे, अशी अपेक्षा करणे म्हणजे साऱ्यांनीच आरोळे-बंग व्हावे अशी अपेक्षा करणे होय. जो मुलूख आपल्या दुखण्याचे शास्त्र आपल्या घरी शिकवीत नाही, त्याला दुसऱ्याच्या त्यागावर विसंबून राहावे लागते.

काय करता येईल

तिन्ही विद्यापीठांनी मिळून अमरावती व अकोला ही दोन केंद्रे धरून सामुदायिक आरोग्य व विकासकार्याचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालविणे शक्य आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण ज्ञानशाखांच्या भिंती पाडण्याची भाषा करते; ती भाषा खरी असेल तर तिची कसोटी येथे लागेल. परिसंवाद भरवून ती लागणार नाही.

या अभ्यासक्रमाचे दार वैद्यकाच्या पदवीधरांबरोबरच परिचर्या, आयुर्वेद, समाजकार्य, आहारशास्त्र व कृषी यांच्या पदवीधरांना खुले असावे. प्रवेशात पहिला हक्क त्यांना द्यावा, जे आधीच गावात काम करीत आहेत. २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. आयुर्वेदाच्या किंवा परिचर्येच्या पदवीवर सहा महिन्यांचे प्रशिक्षण, एवढ्या शिदोरीवर हे तरुण हजारो लोकवस्तीची जबाबदारी घेऊन बसले आहेत. त्यांच्यापुढे वर चढण्याची शिडी नाही. तीन-चार वर्षे उपकेंद्र चालविलेल्याला पगारी रजा देऊन या अभ्यासक्रमास पाठवावे. त्याच्यापाशी प्रश्न तयार असतील. विद्यापीठाने त्याला उत्तर शोधण्याची रीत द्यावी.

शिक्षणाचा निम्मा काळ गावात जावा, आणि तो पाहुण्यासारखा नसावा. एका वर्षी मेळघाट व दुसऱ्या वर्षी खारपाणपट्टा किंवा कपाशीचा कोरडवाहू भाग, अशी वाटणी करता येईल. मेळघाटात जाणाऱ्याने कामापुरती कोरकू शिकलीच पाहिजे. आजारी बाळाच्या पोटावर चटके देणाऱ्या आजीला तुच्छ लेखणारा विद्यार्थी त्या घरात दुसऱ्यांदा जाऊ शकणार नाही. तिची भाषा समजणारा कदाचित ते चटके थांबवू शकेल. विषयांत रोगपरिस्थितिशास्त्र आणि संख्याशास्त्र यांच्या जोडीला ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प वाचणे, रोजगार हमीचा कायदा, रेशनची व्यवस्था, पाण्याची तपासणी आणि पिकांचे अर्थशास्त्र असावे. प्रबंध असा असावा की ज्याचे निष्कर्ष त्या गावच्या ग्रामसभेत मराठीत वा कोरकूत वाचून दाखविता येतील. नाशिकच्या कपाटात पडणाऱ्या प्रबंधांत आणखी भर घालण्याचे प्रयोजन नाही. आणि शिक्षकांत अनुभवी आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, दाई यांना मानधनासह स्थान असावे. जामखेडला जे घडले ते अमरावतीला का घडू नये?

मात्र या सर्वांचा पाया पदांचा आहे. तामिळनाडूने १९३९ मध्ये सार्वजनिक आरोग्याचा कायदा केला आणि या शाखेचे स्वतंत्र संचालनालय व स्वतंत्र अधिकारीवर्ग राखला. तेथे सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेल्या अधिकाऱ्याला त्या शिक्षणाच्या आधारावर बढती मिळत आली आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेही राज्यांना असा वर्ग निर्माण करण्याची शिफारस केली. महाराष्ट्रात राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कर्मचारी वर्षानुवर्षे अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकांवर काम करीत आले. नोकरीत कायम करण्याच्या मागणीसाठी ते २०२३ मध्ये राज्यभर संपावर गेले होते. ज्याला पुढच्या चैत्रात आपण या गावी असू की नाही हे ठाऊक नाही, तो त्या गावाचा दहा वर्षांचा अभ्यास कसा करील? तालुका आरोग्य कार्यालय, एकात्मिक बालविकास प्रकल्प आणि जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग यांत या पदवीसाठी कायम पदे आधी निश्चित व्हावीत, मगच वर्ग उघडावा.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप असा की पदव्या आधीच उदंड झाल्या आहेत. त्यांत आणखी एकीची भर कशाला? वऱ्हाडातील सुशिक्षित बेकाराच्या तोंडी हा प्रश्न शोभतो आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. पदांवाचून पदवी काढली तर हा आक्षेप शंभर टक्के खरा ठरेल. शुल्क घेऊन प्रमाणपत्रे वाटणारे आणखी एक दुकान उघडण्यापेक्षा काहीच न केलेले बरे. म्हणूनच प्रवेशसंख्या लहान असावी. २०११ च्या जनगणनेनुसार अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाख ८८ हजार आणि अकोल्याची १८ लाखांहून थोडी अधिक होती. एवढ्या वस्तीसाठी दरवर्षी तीस चांगली माणसे तयार झाली, तरी दहा वर्षांत प्रत्येक तालुक्याला दहाहून अधिक जाणकार मिळतील.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. कोल्हे, सातव, आरोळे, बंग ही माणसे अभ्यासक्रमाने घडली नाहीत, अंतरीच्या ओढीने घडली. ओढ शिकविता येत नाही, असे म्हटले जाते. ते खरे आहे. परंतु त्यातून काढला जाणारा निष्कर्ष बरोबर नाही. ओढ असलेल्या माणसांनाही शिकावे लागले, हेच त्यांची चरित्रे सांगतात. डॉ. कोल्हे गावातून पुन्हा वर्गात गेले ते ओढ कमी पडली म्हणून नव्हे, ज्ञान कमी पडले म्हणून. आणि लोकशाही राज्याने आपली आरोग्यव्यवस्था असामान्य माणसांच्या भरवशावर सोडणे हे कर्तव्य टाळणेच आहे. असामान्य माणूस वाट दाखवितो. त्या वाटेवरून सामान्य, प्रामाणिक, संसारी माणसालाही जाता यावे, अशी सडक बांधणे हे शासनाचे आणि विद्यापीठाचे काम आहे. चांगला पगार, राहावयास धड घर, मुलांना शाळा आणि कामाला मान, एवढे मिळाले तर वऱ्हाडचा तरुण धारणीला राहणार नाही, असे मानण्यास आधार नाही. आजही शेकडो शिक्षक, परिचारिका आणि वनरक्षक तेथे राहतातच.

या प्रश्नाशी आपला काय संबंध, असे शिक्षकांना किंवा कार्यालयात काम करणाऱ्यांना वाटण्याचा संभव आहे. वर्गातली कोणती मुलगी दिवाळीनंतर शाळेत परतली नाही आणि तिचे लग्न कोठे झाले, हे शिक्षकाला सर्वांआधी कळते. कोणत्या गावचे जन्ममृत्यूचे तक्ते दरमहा संशयास्पदरीत्या सारखेच येतात, हे पंचायत समितीतला लिपिक सांगू शकतो. सामुदायिक आरोग्याचा अभ्यास याच निरीक्षणांतून सुरू होतो. आज ही निरीक्षणे विचारणारे कोणी नाही म्हणून ती जिरून जातात.

अमरावतीच्या नव्या महाविद्यालयातील पहिल्या वर्गाचे विद्यार्थी २०३० च्या आसपास पदवी घेऊन बाहेर पडतील. तोवर पाच वर्षेही उरलेली नाहीत. विद्यापीठांच्या अधिकार मंडळांतील वऱ्हाडचे प्रतिनिधी, विधिमंडळातील आमदार आणि तिन्ही कुलगुरू यांनी या अवधीत एका टेबलाभोवती बसून हा आराखडा मांडावा, आणि शासनाकडून पदे मंजूर करून घ्यावीत. ते न झाल्यास पाच जिल्ह्यांत पाच महाविद्यालये असूनही मेळघाटातल्या बालमृत्यूंचे आकडे विधानसभेतल्या प्रश्नोत्तरांत वाचण्याची पाळी आपल्यावर दरवर्षी येत राहील.